छळाची पुढची तारीख

कुटुंब न्यायालयातल्या प्रत्येक प्रकरणाचा एक रोजनामा असतो. कोण हजर, कोण गैरहजर, कसला अर्ज आला, त्यावर काय हुकूम झाला आणि पुढची तारीख कोणती, इतकंच त्यात लिहिलेलं असतं. सांगली जिल्ह्यातल्या एका बाईंनी त्यांच्या तात्पुरत्या पोटगीच्या अर्जाचा रोजनामा माझ्यापुढे ठेवला. रीतसर नक्कल काढलेला, भोकं पाडून प्लास्टिकच्या फाइलला लावलेला. अर्जदार हजर. सामनेवाल्यांतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर. पुढच्या तारखेला सामनेवाल्यांनी वकील बदललेले. नवं वकीलपत्र दाखल, ‘से’ म्हणजे लेखी म्हणणं देण्यासाठी मुदत. मंजूर. मग प्रकरण समुपदेशकांकडे. सामनेवाले आले नाहीत. मग साहेब रजेवर. मग सामनेवाल्यांच्या आईचं आजारपण, सोबत डॉक्टरांचा दाखला. मंजूर, खर्च दोनशे रुपये. मग उत्पन्नाचं शपथपत्र द्यायला मुदत. मग शपथपत्र आलं, त्यात नोकरी सोडल्याचं लिहिलेलं.

यातली कुठलीही एक ओळ सुटी वाचली तर त्यात वावगं काही दिसत नाही. आई कुणाचीही आजारी पडते, वकील कुणीही बदलतो. सगळी पानं एका बैठकीत वाचली की मात्र एकच माणूस एकच काम करत आलाय हे लख्ख दिसतं. अडचण ही, की न्यायालयात ती पानं एका बैठकीत वाचायची वेळ कुणावर येत नाही. त्या दिवशीच्या बोर्डावर असलेल्या ढीगभर प्रकरणांमधलं ते एक असतं, आणि न्यायाधीशांपुढे त्या दिवशीचा अर्ज तेवढा असतो.

या बाई एका खासगी बालवाडीत शिकवतात. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा त्याच्या शहरात टाकलाय, म्हणून तारखेच्या आदल्या रात्री त्या एसटीने निघतात, पहाटे स्टँडवर उतरतात, तिथेच तोंड धुतात आणि साडेदहाला न्यायालयाच्या व्हरांड्यात येऊन पुकाऱ्याची वाट बघत बसतात. त्या दिवसाचा पगार कापला जातो. मुलीला शेजारी ठेवावं लागतं. दुपारी तीनच्या सुमाराला पुढची तारीख हातात पडते. मारहाणीपासून सुटका करून घेऊन त्या माहेरी आल्या त्याला बरीच वर्षं झाली. पण महिन्यातल्या कुठल्या दिवशी त्या कुठे असतील, हातात किती पैसे उरतील, रात्री झोप लागेल की नाही, हे आजही तोच माणूस ठरवतो. पूर्वी त्यासाठी त्याला हात उचलावा लागायचा. आता वकिलाला फोन करून मुदत मागायला सांगितलं की पुरतं.

या छळाकडे छळ म्हणून बघायला आपण अजून शिकलेलो नाही, म्हणून हा लेख.

कुटुंब न्यायालयांचं कामकाज कायद्यानेच बंद दाराआड चालवता येतं आणि ते योग्यही आहे. नवरा-बायकोच्या आयुष्याची चिरफाड चारचौघांत होऊ नये. त्यामुळे माझ्यासारखीला दिसतो तो व्हरांडा, वाचायला मिळतात ते पक्षकारांनी विश्वासाने दिलेले कागद, आणि ऐकायला मिळतात वकील. कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकील मंडळींना हा प्रकार नवा नाही. पक्षकार पहिल्याच भेटीत काय म्हणतो त्यावरून त्यांना अंदाज येतो. काहींना लवकर मोकळं व्हायचं असतं. काहींना मूल हवं असतं, घर हवं असतं. आणि काही जण सरळ सांगतात की निकाल काहीही लागो, तिला फिरवत ठेवा.

फिरवायला वाटाही पुष्कळ आहेत. एका मोडलेल्या संसारातून किती ठिकाणी किती प्रकरणं उभी राहतात ते बघा. घटस्फोट आणि मुलांचा ताबा कुटुंब न्यायालयात. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे. क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचं 498-अ, फौजदारी न्यायालयात. खटला एका गावाहून दुसऱ्या गावाला वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात. राज्य बदलत असेल तर थेट दिल्लीत. या सगळ्यांत भर म्हणून मेहुण्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद, बायकोच्या शाळेकडे तक्रारीची पत्रं, तिच्या वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे अर्ज. प्रत्येक खोलीत वेगळा न्यायाधीश, वेगळी फाइल, वेगळी तारीख. संपूर्ण चित्र फक्त दोघांना माहीत असतं: जो हे करतो त्याला आणि जिच्यावर ते होतं तिला.

यातलं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे नांदायला येण्याचा दावा. हिंदू विवाह कायद्याचं कलम 9. बायकोने पोटगी मागितली किंवा पोलिसांत तक्रार केली, की काही दिवसांत हा दावा येतो: मी तिला नांदवायला तयार आहे, तीच विनाकारण येत नाही. ज्या घरातून ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, त्याच घरी परत धाडा अशी ही मागणी. त्याला ती परत हवी असते असं समजू नका. ‘ती स्वतःहून निघून गेली’ हे कागदावर यावं आणि पोटगीच्या वेळी ते पुढे करता यावं, यासाठी ही मेहनत असते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झारखंडातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की नवऱ्याच्या हातात असा हुकूमनामा असला आणि बायको तरी नांदायला गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. ती का गेली नाही हे बघावंच लागेल. हे आधीच स्वच्छ असायला हवं होतं. त्याआधीच्या कितीतरी वर्षांत किती बायकांची पोटगी या एका कागदावर अडली असेल!

हा दावा मुळात आपल्याकडचा नव्हेच. इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून तो ब्रिटिश अंमलात इथे आला, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला खटला मुंबईतला आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या कधीच सासरी नांदल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. वडिलांची मालमत्ता त्यांच्या नावे होती, हेही विसरायचं नाही. 1884 मध्ये दादाजींनी वकिलामार्फत त्यांना नांदायला बोलावलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. दादाजींनी अपील केलं, निकाल फिरला, दावा पुन्हा चालला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. आपण तुरुंग पत्करू, असं रखमाबाईंनी कळवलं. लोकमान्य टिळकांसह बरेच जण त्यांच्या विरोधात उभे राहिले. अखेर 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला जाऊ शकल्या. पुढे सुरतमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

या खटल्याची गोष्ट आपण समाजसुधारणेचा अध्याय म्हणून शाळेत शिकतो. मला त्यातला तो तडजोडीचा आकडा महत्त्वाचा वाटतो. ऐन तारुण्यातल्या एका मुलीची चार वर्षं खटल्यात गेली, गावभर तिची चर्चा झाली, आणि शेवटी पैसे मोजून तिने आपली सुटका विकत घेतली. आजच्या मध्यस्थी कक्षातही हेच चालतं. तुम्ही दागिने आणि मागची पोटगी सोडा, आम्ही घटस्फोटाला संमती देतो. तारखांनी दमलेली बाई सही करते. रोजनाम्यावर नोंद होते: तडजोड झाली, प्रकरण निकाली.

इंग्लंडने नांदायला येण्याचा दावा 1970 मध्ये रद्द केला. आपल्याकडे 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने कलम 9 घटनाबाह्य ठरवलं होतं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. 2019 मध्ये विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा आव्हान दिलं. ते कलम अजून कायद्यात आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण या छळाची खरी नस तिथे आहे.

कायदा वाचला तर तो अगदी घाईतला वाटतो. हिंदू विवाह कायद्याखालच्या तात्पुरत्या पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत लागावा. फौजदारी संहितेच्या कलम 125 खाली, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, तेच 60 दिवस. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत. दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये.

आणि व्यवहारात? नागपूरच्या कुटुंब न्यायालयातल्या एका प्रकरणाचं उदाहरण पुरेसं आहे, कारण ते आज देशभरातल्या प्रत्येक पोटगीच्या अर्जात उद्धृत होतं. रजनीश विरुद्ध नेहा. बाईंनी 2013 मध्ये स्वतःसाठी आणि लहानग्या मुलासाठी तात्पुरती पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाचा हुकूम 2015 मध्ये झाला: तिला महिना 15,000 रुपये, मुलाला आधी 5,000 आणि नंतर 10,000. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथे 2018 मध्ये हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. 4 नोव्हेंबर 2020 ला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी तो हुकूम कायम केला. तात्पुरत्या पोटगीसाठी सात वर्षं! तान्ह्या बाळासाठी मागितलेली पोटगी अंतिमतः पक्की झाली तेव्हा ते बाळ शाळेत जाऊ लागलं होतं.

त्या निकालाने घालून दिलेले नियम चांगले आहेत. दोघांनी मालमत्ता आणि देण्याघेण्याचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. त्यात पगार, बँक खाती, गुंतवणूक, गाड्या, क्रेडिट कार्डं, घरात राहणीमान कसं होतं, सगळं यायला हवं. जाबदाराने शपथपत्र द्यायला टाळाटाळ केली आणि दोनपेक्षा जास्त मुदती मागितल्या, तर त्याचा बचाव रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, म्हणजे रेंगाळण्यात फायदा उरणार नाही. आधी कुठे पोटगीचं प्रकरण झालं असेल तर तेही उघड करायचं. माझ्यापुढच्या रोजनाम्यात या निकालाचा उल्लेख अर्जदाराच्या वकिलांनी वारंवार केलेला आहे. प्रत्येक वेळी पुढे ‘अंतिम संधी’ असे शब्द येतात, आणि त्यानंतरच्या तारखेला पुन्हा ‘अंतिम संधी’.

हुकूम हातात आला म्हणजे पैसे हातात आले असंही नाही. पोटगी थकली की वसुलीचा वेगळा अर्ज. त्यात एक अट अशी आहे, की रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीला आलं नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणजे जिला महिन्याचं भागवायची भ्रांत, तिनेच थकबाकीचा हिशेब ठेवून दर वर्षी नवा अर्ज करायचा. वॉरंट निघतं, पोलीस ठाण्यात जातं, ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा होऊन परत येतं. तो इसम त्याच आठवड्यात दुसऱ्या न्यायालयात तिच्या विरोधातल्या प्रकरणात हजर असतो. दोन न्यायालयांना एकमेकांचं काही कळत नाही.

न्यायाधीशांवर सगळं खापर फोडून मोकळं होता येणार नाही. बोर्डावर दिवसाला डझनांनी प्रकरणं असतात. मुदत नाकारून एकतर्फी हुकूम केला, तर ‘बाजू मांडायची संधी मिळाली नाही’ या एका मुद्द्यावर तो वर फिरतो, आणि प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. मग मुदत देणं सोपं वाटतं. शिवाय 1984 चा कुटुंब न्यायालय कायदा मुळातच समेट डोळ्यांपुढे ठेवून झाला. समेटाचा प्रयत्न करणं हे या कायद्याच्या कलम 9 खाली न्यायालयाचं कर्तव्य आहे. दोन समजूतदार माणसांसाठी ती मोठी सोय आहे. पण जिने मार खाल्लाय तिला मारणाऱ्यासमोर एका टेबलाशी बसवून ‘थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील’ म्हणणं, हा तिच्यावर नवा अन्याय आहे. त्या टेबलाशी तो किती गोड बोलतो आणि ती किती चिडचिडी, रडवेली दिसते! अहवालात काय उतरत असेल याची कल्पना करा.

याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने तो उभा राहतो. प्रत्यक्षात परवानगी मिळतेच. पण कुणी स्वतःच बाजू मांडतो म्हणाला, तर उलटतपासही स्वतःच घेऊ शकतो. ज्याच्या नजरेला नजर द्यायची भीती अंगात मुरलेली आहे, त्याने साक्षीच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून तुम्हाला तासभर प्रश्न विचारायचे. इंग्लंडमध्ये 2021 च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याने हे बंद केलं. अशा खटल्यात छळ करणाऱ्याला स्वतः उलटतपास घेता येत नाही, गरज पडल्यास न्यायालय त्यासाठी वकील नेमतं. आपल्याकडे असा बंधनकारक नियम नाही. असभ्य, अपमानकारक प्रश्न थांबवायचे अधिकार पुराव्याच्या कायद्यात आहेत, ते वापरले जावेत एवढीच आशा.

मुलांविषयी लिहिताना हात जड होतो. ताब्याचा अर्ज हा घाबरवायचा हमखास उपाय आहे, कारण आई तिथे कोसळते. ज्या बापाला मुलीची इयत्ता सांगता येत नाही, तो पोटगीचा अर्ज आल्यावर तिचा कायमचा ताबा मागतो. न्यायालय भेटीचे वार ठरवून देतं. न्यायालयांच्या आवारात मुलांसाठी खोल्या असतात, खेळणी असतात. तिथे मुलीला न्हाऊमाखू घालून आणायचं आणि त्याने यायचंच नाही. किंवा यायचं आणि मुलीला खोदून विचारायचं की घरी कोण येतं, आई कुणाशी फोनवर बोलते. मूल भेटीला जायला नको म्हणालं की आईवर आरोप: हिने मुलाचं मन कलुषित केलं.

या आरोपाला एक इंग्रजी वैद्यकीय वाटणारं नाव 1985 च्या सुमारास रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने दिलं आणि ते जगभरच्या न्यायालयांत पसरलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालातही ते आलं. मे 2024 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सावध केलं, की कुठल्याही पालकावर असा शिक्का घाईने मारू नका, आधी प्रत्यक्षात काय वागणूक घडली ते तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी 2023 च्या अहवालात तर ही कल्पना कुटुंब न्यायालयांत वापरूच नये अशी शिफारस केली. मूल घाबरतं त्यामागे कधी कधी साधं कारण असतं: त्याने काहीतरी बघितलेलं असतं.

हे हत्यार पुरुषांच्याच हातात असतं असं माझं म्हणणं नाही. भेटीचा हुकूम असूनही महिनोन्महिने मुलाचं तोंड न दिसलेले बाप मी व्हरांड्यात पाहिलेत. हातात खाऊचा डबा, आणि समोरून ‘मुलाला ताप आहे’ असा निरोप. कधी दूरच्या गावी राहणाऱ्या दिराची-नणंदेची नावं फिर्यादीत घुसडली जातात. डिसेंबर 2024 मध्ये बेंगळुरूतल्या एका अभियंत्याने बायकोने लावलेल्या खटल्यांना कंटाळून जीव दिल्याची बातमी आली आणि देशभर संताप झाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या सरसकट सगळ्या नातेवाइकांना गुन्ह्यात ओढण्याविरुद्ध पुन्हा बजावलं. ती वेदना खरी आहे. पण तिच्या आधारे ‘बायकाच कायदा वापरून छळतात’ असा जो कोलाहल उठला, तो मला मान्य नाही. खटला लांबवणं परवडतं कुणाला? ज्याच्याकडे पैसा, नोकरी आणि शहरातलं घर आहे त्याला. बायकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य देण्याची तरतूद 1987 पासून कायद्यात आहे, ती याच विषमतेची कबुली आहे. खोट्या खटल्याने पिडलेल्या पुरुषालाही आणि तारखांनी पिडलेल्या बाईलाही उपाय एकच लागणार आहे: न्यायालयाने सुटे अर्ज न बघता वागणुकीची पूर्ण साखळी बघणं.

परदेशात गेलेल्या मराठी मुलींची कथा वेगळ्या लेखाची आहे, इथे दोन वाक्यांत सांगते. सुट्टीसाठी बायकोला पुण्या-नाशिकला आणून सोडायचं, पासपोर्ट घेऊन परत जायचं आणि तिकडच्या न्यायालयात एकतर्फी घटस्फोट मिळवायचा. असे निवाडे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच अमान्य ठरवले, तरी ते इथे अमान्य करून घ्यायला तिला पुन्हा खटलाच लढावा लागतो. आणि ती मुलाला घेऊन पळून आली असेल, तर तिकडे तिच्यावर मूल पळवल्याचा आरोप तयार असतो.

काही देशांनी या छळाला कायद्यात नाव दिलंय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जानेवारी 2021 पासून अत्याचारी खटलेबाजीविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. घरगुती हिंसा सिद्ध झालेल्या माणसाने जोडीदाराला त्रास देण्यासाठी खटले चालवले असं न्यायालयाला पटलं, तर परवानगीशिवाय नवा अर्ज करायला त्याला 48 ते 72 महिने मनाई होते. इंग्लंडमध्ये मुलांच्या कायद्याखाली अशी मनाई पूर्वीपासून होती; 2021 च्या कायद्याने ती छळाच्या प्रकरणांत सहज वापरता येईल अशी केली. ऑस्ट्रेलियाने मे 2024 पासून तेच केलं.

महाराष्ट्राकडे काहीच नाही असं समजू नका. विनाकारण खटले भरणाऱ्यांना आवरणारा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1971 पासून आहे. सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय खटले करणाऱ्याला उच्च न्यायालय पूर्वपरवानगीचं बंधन घालू शकतं. मात्र त्यासाठीचा अर्ज राज्याच्या महाधिवक्त्यांनी करायचा. रात्रीच्या एसटीने येणाऱ्या बालवाडीच्या बाई महाधिवक्त्यांपर्यंत कशा पोचणार? खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल नुकसानभरपाईची तरतूद दिवाणी संहितेच्या कलम 35-अ मध्ये आहे, पण तिची कमाल मर्यादा 3,000 रुपये, आणि ती 1976 मध्ये ठरलेली. एका तारखेची वकील फी आज त्याहून जास्त असू शकते.

त्यामानाने कलम 35-ब कामाचं आहे. मुदत मागून दुसऱ्याचा दिवस वाया घालवणाऱ्याला खर्च भरायला लावता येतो, आणि तो भरल्याशिवाय त्याला आपला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. त्या खर्चात एसटीचं भाडं, कापलेला पगार, वकिलाची त्या दिवसाची फी मोजली, दोनशे रुपयांवर भागवलं नाही, तर मुदतीचे अर्ज किती कमी होतील! यासाठी नवा कायदा लागत नाही. पहिल्याच तारखेला दोन्ही बाजूंकडून एकमेकांविरुद्ध चालू असलेल्या सर्व प्रकरणांची यादी शपथेवर घेणं, तिला ई-कोर्टच्या नोंदी जोडणं, शक्य ती प्रकरणं एकाच न्यायाधीशांकडे ठेवणं, हेही आज करता येतं. हिंसाचार कायद्यातला दिलासा कुटुंब न्यायालयातही मागता येतो, असं त्या कायद्याचं कलम 26 सांगतंच. आणि 1971 च्या कायद्यात दुरुस्ती करून, बंधन घालण्याचा अधिकार कौटुंबिक प्रकरणांपुरता थेट कुटुंब न्यायालयाला द्यावा, पीडित व्यक्तीला स्वतः अर्ज करू द्यावा. हे काम संसदेकडे बोट दाखवून टाळता येण्यासारखं नाही. कायदा राज्याचा आहे, बदलायचा आहे तो विधानभवनात.